सात उद्गारांपैकी एक तुमच्या वाट्याला आला तर

गुड फ्रायडेची उपासना दुपारी १२ ते ३ आणि येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात संदेश, ही पद्धत सोलापुरातही चांगली रुळलेली आहे. सातही संदेश पाळकसाहेबच देतात असं नाही. शाळेतले सर, महिला मंडळाच्या ताई, तरुण संघातला एखादा मुलगा, बाहेरगावाहून आलेले पाहुणे अशांना एकेक उद्गार वाटून दिला जातो. ज्यांच्या वाट्याला तो येतो, त्यांच्यासाठी हे टिपण.

वेळ १२ ते ३ का, ते आधी माहीत असू द्या. मंडळीतली मुलं हमखास विचारतात. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा मार्क सांगतो की येशूला तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास खिळलं. मत्तय, मार्क आणि लूक हे तिघेही सांगतात की सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला. ते तास म्हणजे आपले १२ ते ३. सात उद्गार मात्र एकाच शुभवर्तमानात सापडत नाहीत: लूकमध्ये तीन, योहानात तीन, आणि उरलेला एक मत्तय आणि मार्क या दोघांत. ते एका माळेत ओवून तीन तासांची उपासना करण्याची प्रथा १७व्या शतकात पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केली. तिथून ती कॅथलिकांत आणि पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पसरली.

आधी वाटप, मग तयारी

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सात जण घरी बसून वेगवेगळी तयारी करतात आणि शुक्रवारी सातही जण तेच सांगतात: आपण पापी, तो मेला, विश्वास ठेवा. तिसऱ्या संदेशापर्यंत मंडळी ऐकते, पुढे पंख्याकडे बघते. म्हणून किमान तीन आठवडे आधी सातही वक्त्यांनी एकदा एकत्र बसावं आणि कोण काय सांगणार ते कागदावर लिहून घ्यावं.

नवा करार येशूच्या मरणाचा अर्थ एकाच भाषेत सांगत नाही. वल्हांडण या यहुदी सणाचा कोकरा, प्रायश्चित्ताचा दिवस, गुलाम सोडवण्याची खंडणी, न्यायसभेतला निकाल, तुटलेल्या नात्यातला समेट, सत्तांवरचा विजय अशी बरीच चित्रं तिथे शेजारी शेजारी आहेत. मतांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण ‘आम्हां मानवांकरिता व आमच्या तारणाकरिता’ म्हणतो. त्या मरणाने तारण नेमकं कसं साधलं याचा एकच सिद्धांत जुन्या सार्वत्रिक परिषदांनी ठरवून दिलेला नाही. पहिल्या शतकांतल्या पुष्कळ शिक्षकांनी सैतान आणि मृत्यू यांच्यावरच्या विजयावर भर दिला. ११व्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने देवाच्या सन्मानाची भरपाई हा विचार मांडला, पुढे १२व्या शतकात आबेलारने देवाच्या प्रीतीने माणसाचं मन पालटतं यावर जोर दिला, आणि १६व्या शतकात कॅल्विन आदी सुधारकांनी आपली शिक्षा त्याने सोसली ही बाजू पुढे आणली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही शेवटची बाजू सर्वांत जास्त ऐकू येते. तिचं महत्त्व मोठं आहे, पण एकटी ती सात वेळा सांगितली तर बाकीची चित्रं झाकली जातात.

सात उद्गारांना सात चित्रं वाटून द्यायची असतील तर हे वाटप चांगलं बसतं: पहिल्याला क्षमा, दुसऱ्याला निर्दोषाने दोषीची जागा घेणं, तिसऱ्याला नवं कुटुंब आणि समेट, चौथ्याला शाप आणि त्याग, पाचव्याला वल्हांडण, सहाव्याला एकदाच आणि कायमचं अर्पण, सातव्याला मरणावरचा विजय.

वेळेचा हिशेब

प्रत्येक उद्गाराला २४ मिनिटं धरा: वाचन २, शांतता २, संदेश १२, गीत ५, प्रार्थना ३. सातांचे १६८ मिनिटं होतात. सुरुवात, अर्पण आणि शेवट यांना १२ उरतात. म्हणजे एकाने पाच मिनिटं जादा घेतली की ती शेवटच्या वक्त्याच्या वाट्यातून जातात. सातवा उद्गार घाईत उरकला जातो तो याच कारणाने. मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, तेव्हा १२ मिनिटांचा संदेश १३०० शब्दांच्या पुढे नको. लिहून काढा, मोठ्याने वाचा, मोबाइलवर वेळ लावा. मनात वाचलं तर आठ मिनिटांत संपतं आणि फसवतं.

एक वाक्य जे सातांनीही पाठ करावं

प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता (२ करिंथ ५:१९). यातला कर्ता देव आहे, हे कोणत्याही संदेशात सुटता कामा नये. कारण आपल्या व्यासपीठांवर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पिता रागावलेला आणि पुत्र प्रेमळ असे दोन पक्ष करून टाकणं. रागावलेल्या बापाला शांत करायला मुलगा मधे पडला, असं ऐकलेल्या माणसाला पुढे ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे योहान ३:१६ पटत नाही. योहान १०:१८ मध्ये येशू सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. पिता देतो आणि पुत्रही देतो, इच्छा एकच.

आपल्या भागात इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. बळी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवस येतो: माणूस देवाला काही देतो, देव प्रसन्न होतो. ख्रिस्ती विश्वासात देण्याची दिशा उलटी आहे. रोमकरांस पत्रात (३:२५) प्रायश्चित्त पुढे ठेवणारा देवच आहे. हे एका वाक्यात, कोणाच्याही प्रथेला नावं न ठेवता सांगावं. उपासनेला शेजारीपाजारी, नातेवाईक, ऑफिसातले लोकही येऊन बसलेले असतात.

तसंच ‘त्याने आपले भोग भोगले’ हे तोंडात सहज येतं. पण भोग म्हणजे ज्याचे त्याने भोगायचे. तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरते: एकाचं दुसऱ्याला कसं फिटेल? त्यापेक्षा पेत्राचं वाक्य वापरा, त्याने स्वतः आपली पापं स्वदेही वाहून वधस्तंभावर नेली (१ पेत्र २:२४).

उद्गारांकडे

पहिला: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ (लूक २३:३४). इथे ‘ते’ कोण, ही जागा जपून सांभाळा. खिळे मारणारे रोमी शिपाई, शिक्षा देणारा पंतय पिलात, मागणी करणारे प्रमुख याजक, पळालेले शिष्य, सगळेच त्यात येतात. ‘यहुद्यांनी मारलं’ असं सरसकट कधीही बोलू नये. या वाक्याने शतकानुशतकं निरपराध यहुद्यांवर अत्याचार झाले, आणि कॅथलिक मंडळीने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हा ठपका अधिकृतपणे नाकारला. येशू, त्याची आई आणि सगळे पहिले शिष्य यहुदीच होते. क्षमेचा अर्थ ‘चालायचंच’ असा नाही, हेही इथेच सांगावं. ज्याला क्षमा करायची त्याचा अपराध आधी अपराध म्हणून धरलेला असतो.

दुसरा: ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ (लूक २३:४३). या वक्त्याने बरब्बापासून सुरुवात केली तर काम सोपं होतं. मार्क १५:७ प्रमाणे बरब्बा दंग्यात खून करणाऱ्यांबरोबर तुरुंगात होता. तो सुटला आणि त्याच्या जागी निर्दोष येशू मेला. ‘आपल्याऐवजी’ म्हणजे काय ते समजावायला बाहेरची गोष्ट आणावीच लागत नाही, ती त्याच सकाळी घडलेली आहे. मग ज्याला हा उद्गार काढला त्या शेजारी खिळलेल्या लुटारूकडे या. मत्तय आणि मार्क सांगतात की बरोबर खिळलेले दोघेही निंदा करत होते. एकाचं मन पालटल्याचं फक्त लूक सांगतो. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, नुकसान भरून द्यायला वेळ नव्हता, हातपाय खिळलेले होते. ‘मग आपण शेवटच्या दिवशी बघू’ असा सूर कोणी लावला, तर दुसरा लुटारूही तितकाच जवळ होता हे लक्षात आणून द्या.

तिसरा: ‘बाई, पाहा, हा तुझा मुलगा’ (योहान १९:२६). हा संदेश मातृदिनाचं भाषण होण्याचा धोका असतो. आईची काळजी त्यात आहेच. पण वधस्तंभाखाली येशूची आई आणि त्याचा शिष्य, रक्ताचं नातं नसलेली ही दोन माणसं एकमेकांच्या घरची झाली, हा मुद्दा मोठा आहे. ज्यांनी विश्वासामुळे घर गमावलं अशी कुटुंबं आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याच प्रसंगाच्या अलीकडे योहान शिपायांनी वाटून घेतलेल्या कपड्यांचं सांगतो: अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून सबंध विणलेला होता, म्हणून तो न फाडता त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. यंत्रमागावर आयुष्य घालवलेली माणसं समोर बसलेली असताना हे वाक्य नुसतं वाचून पुढे जाऊ नका. त्या माणसाकडून शेवटचं काय काढून घेतलं गेलं, ते त्यांना लगेच कळतं.

चौथा: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ (मत्तय २७:४६, मार्क १५:३४). सातांत सर्वांत अवघड. हा नव्या वक्त्याला देऊ नये. वाट दोन्ही बाजूंना घसरते. एकीकडे लोक म्हणतात, तो फक्त याच शब्दांनी सुरू होणारं स्तोत्र २२ म्हणत होता, खरं तसं काही वाटलं नव्हतं; म्हणजे वेदना नाटक ठरते. दुसरीकडे म्हणतात, पित्याने तोंड फिरवलं, पिता-पुत्र तुटले; म्हणजे एकच देव ही श्रद्धाच मोडते. पित्याने तोंड फिरवलं असं शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते एवढंच: त्याने विचारलं, आणि विचारताना ‘माझ्या देवा’ म्हटलं.

सांगायचं ते असं. पाप म्हणजे देवापासून तुटणं. येशू त्या तुटलेल्या जागी आपल्याबरोबर आणि आपल्यासाठी जाऊन उभा राहिला. गलतीकरांस पत्र (३:१३) म्हणतं की तो आपल्याकरिता शाप झाला, आणि त्यासाठी जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा (२१:२३) आधार देतं, की झाडावर टांगलेला शापित असतो. स्तोत्र २२ घरी शेवटपर्यंत वाचूनच या. २४व्या ओवीत म्हटलं आहे की देवाने पीडिताला तुच्छ मानलं नाही, त्याच्यापासून आपलं मुख लपवलं नाही. ती ओवी संदेशाच्या शेवटी वाचा, सुरुवातीला नको. आधी प्रश्न प्रश्न म्हणून राहू द्या. ज्यांच्या घरात यंदा मयत झालेलं आहे, ती माणसं याच उद्गाराला मान वर करतात, आणि घाईने दिलेलं उत्तर त्यांना लगेच ओळखू येतं.

पाचवा: ‘मला तहान लागली आहे’ (योहान १९:२८). गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल या दरम्यान कधीही येतो; एप्रिलात आला तर सोलापूरचा पारा ४० च्या पुढे असतो, नळाला पाणी रोज येत नाही, आणि समोर उपवास धरलेली माणसं असतात. त्यामुळे तहान समजावण्यात मिनिटं घालवू नयेत. त्याऐवजी एजोब ही वनस्पती दाखवा. शिपायांनी आंबेत (आंबट द्राक्षारसात) बुडवलेला स्पंज एजोबाच्या काडीवर लावून त्याच्या तोंडाला लावला, असं योहान म्हणतो. निर्गम १२:२२ मध्ये इस्राएल लोकांनी कोकऱ्याचं रक्त दाराच्या चौकटीला एजोबाच्या जुडीनेच लावलं होतं. पुढे शिपाई येशूचे पाय मोडत नाहीत, आणि वल्हांडणाच्या कोकऱ्याचं हाड मोडायचं नाही हा नियम निर्गम १२:४६ मध्ये आहे. योहान हे धागे मुद्दाम ठेवतो. वल्हांडण ही गुलामगिरीतून सुटण्याची रात्र होती, म्हणून या संदेशात पापाबरोबर बंधनाबद्दलही बोलता येतं: दारू, सावकारी, जातीची बेडी, भीती.

सहावा: ‘पूर्ण झालं आहे’ (योहान १९:३०). इथे इब्री लोकांस पत्राचा १०वा अध्याय पुरेसा आहे. याजक रोज उभा राहून तीच अर्पणं पुनःपुन्हा करतो. ख्रिस्त एकच अर्पण करून बसला. लेवीय १६ मधल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या दोन बोकडांचा उल्लेख करायचा तर दोन्हींचा करा: एक अर्पिला जातो, दुसऱ्याच्या डोक्यावर पापं ठेवून त्याला रानात सोडून देतात. यरुशलेमच्या मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटल्याचं मत्तय आणि मार्क सांगतात. तेही इथे घ्यायला हरकत नाही.

सोलापुरात या उद्गाराला एक खास अडचण आहे. दुसऱ्यांसाठी मरण म्हटलं की इथल्या माणसाला चार हुतात्मे आठवतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले. तुलना मनात होणारच, तेव्हा टाळू नका, पण फरक नीट सांगा. हुतात्मा ध्येयासाठी मरतो आणि राहिलेलं काम मागचे लोक पुढे नेतात. म्हणूनच आपण त्यांना मानवंदना देतो. येशूच्या बाबतीत ख्रिस्ती विश्वास असा की ते मरण हेच काम होतं, आणि ते अपुरं राहिलं नाही. हे हुतात्म्यांना लहान न करता सांगता येतं, नव्हे तसंच सांगितलं पाहिजे.

सातवा: ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ (लूक २३:४६). शब्द स्तोत्र ३१:५ मधले आहेत, फक्त सुरुवातीला ‘हे बापा’ जोडलेलं आहे. त्याच्या जोडीला इब्री २:१४-१५ वाचावं. पुनरुत्थानाचं काय? रविवार शुक्रवारीच संपवू नये, पण शेवटच्या वक्त्याने एक वाक्य त्याबद्दल ठेवावंच. पौल स्पष्ट म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात (१ करिंथ १५:१७).

दाखल्यांपैकी वगळायचे

रेल्वेचा पूल आणि त्यात सापडलेला मुलगा, ही गोष्ट दर वर्षी कोणी ना कोणी सांगतोच. बापाला गाडी वाचवायची असते, मुलगा खाली खेळत असतो, बाप कळ दाबतो. या गोष्टीतल्या मुलाला काहीच माहीत नाही, त्याने काहीच निवडलेलं नाही आणि गाडीतल्या माणसांचं काही चुकलेलं नाही. वधस्तंभाशी तिचं जुळत काहीच नाही, फक्त लोक रडतात. न्यायाधीश स्वतः दंड भरतो हा दाखला त्यापेक्षा बरा, कारण देणारा आणि निकाल देणारा एकच राहतो. पण दंड पैशाचा असतो आणि पाप पैशाने फिटणारं नसतं, हे जोडून सांगा.

रक्त आणि फटके यांचं लांबलचक वर्णनही नको. चारही शुभवर्तमानं खिळण्याचा प्रसंग एका छोट्या वाक्यांशात उरकतात. माहिती द्यायचीच तर खात्रीची द्या: १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या एका कबरीत खिळा आरपार गेलेलं टाचेचं हाड सापडलं, वधस्तंभावर माणूस दिवसदिवस जिवंत राहत असे, म्हणूनच येशू इतक्या लवकर मेला याचं पिलाताला आश्चर्य वाटलं (मार्क १५:४४). मिनिटभरात हे होतं. पहिल्या रांगेत लहान मुलं बसलेली असतात हेही विसरू नका.

मंदिरातली व्यवस्था

वाचक वक्त्यापेक्षा वेगळा ठेवा आणि त्याला उतारा दोन दिवस आधी द्या. कैफा, अरिमथाई, सबखथनी हे शब्द ऐन वेळी अडतात. मंडळीत तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं असतील तर दोन वाचनं त्या भाषांत घ्या, आधी मराठीत आणि लगेच दुसऱ्या भाषेत. वधस्तंभावरचा लेखही तीन भाषांत होता (योहान १९:२०), तेव्हा वेळ वाया गेल्याची तक्रार कोणी करू नये.

माइकला बॅटरीची सोय असावी. दुपारी वीज गेली की पंखे बंद पडतात आणि आवाजही. पाणी दाराशी ठेवा, मधे फिरवू नका. मधुमेहाच्या रुग्णांनी आणि वृद्धांनी कोरडा उपवास धरू नये हे आधीच्या रविवारी सूचनांमध्ये जाहीर करा. कोणी मधेच उठून गेलं तर हरकत नाही, गीत चालू असताना जावं एवढंच सांगावं. गीतं आधीच ठरवून क्रमांक फळ्यावर लिहा, सातही शोकगीतंच नकोत. सहाव्याला आणि सातव्याला थोडं उभारी देणारं चालतं. टाळ आणि ढोलकी ठेवायची की नाही हे मंडळीगणिक वेगळं असतं, पाळकांना विचारून ठरवा.

फाटकापाशी विचारले जाणारे प्रश्न

उपासना सुटल्यावर पाहुणे आणि तरुण मुलं बोलतात ती वक्त्यांशीच, पाळकांशी नव्हे. ‘तो देव होता तर मेला कसा?’ याला उत्तर असं द्या: देवाचा पुत्र खरा माणूस झाला आणि त्या मानवी देहात खरंच मेला; देवपण संपलं असं आम्ही मानत नाही. ‘देवाला नुसती क्षमा करता आली नसती का?’ याला म्हणा की क्षमेची किंमत नेहमी क्षमा करणाराच सोसतो, आणि वधस्तंभ म्हणजे देवाने ती स्वतः सोसणं. मुस्लिम मित्र सांगेल की कुराणानुसार येशूला वधस्तंभावर मारलं गेलं नाही (४:१५७). फाटकात उभं राहून त्यावर वाद घालू नका. दोन्ही धर्मग्रंथांचं म्हणणं इथे वेगळं आहे हे मान्य करा, आपलं काय आहे ते दोन वाक्यांत सांगा, आणि बसून बोलायचं असेल तर घरी चहाला बोलवा.